हृदयरोग्यांसाठी भ्रमणध्वनीवरील औषध-स्मरण : शहापूर व मुरबाड

भ्रमणध्वनीवरील औषध-स्मरण ही हृदयरोगाच्या रुग्णाला ठरलेली गोळी, इंजेक्शन किंवा तपासणी यांची आठवण मोबाइल फोनच्या साहाय्याने करून देण्याची पद्धत होय. ही आठवण फोनमधील गजर, लघुसंदेश, ध्वनिमुद्रित आवाज किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने केलेला प्रत्यक्ष फोन यांपैकी कोणत्याही मार्गाने देता येते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत मोबाइल पाड्यापाड्यांवर पोहोचला आहे. हृदयावरील मोठे उपचार मात्र अजून कल्याण, ठाणे किंवा मुंबई येथेच घ्यावे लागतात. रुग्ण घरी परतल्यानंतर त्याला उपचारांशी जोडून ठेवणारा धागा म्हणून फोनकडे पाहिले जाते. या पद्धतीने विसराळूपणावर उपाय होतो. गोळी चुकण्याची इतर कारणे तिच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि या दोन तालुक्यांत ती कारणे थोडी नाहीत.

आजार आणि रोजच्या गोळ्या

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला सामान्यतः चार प्रकारची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात : रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिनसारखी गोळी, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील गोळी, हृदयाचे ठोके व त्यावरील ताण कमी करणारी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळी आणि रक्तदाब उतरवून हृदयाच्या स्नायूला आधार देणारे औषध. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला असेल, तर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी साधारणतः ६ ते १२ महिने दिली जाते. ही दुसरी गोळी पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांना न विचारता बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येण्याचा मोठा धोका असतो. बीटा-ब्लॉकर एकाएकी सोडल्यास छातीतील कळ उलटून येऊ शकते.

अडचण अशी की यांतील बहुतेक गोळ्यांचा परिणाम रुग्णाला जाणवत नाही. डोकेदुखीची गोळी घेतल्यावर डोके थांबते. कोलेस्टेरॉलची गोळी घेतली काय आणि न घेतली काय, त्या दिवशी काहीच फरक कळत नाही. उलट बरे वाटू लागले की औषधाची गरज संपली, अशी समजूत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. १७ देशांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या अभ्यासात निम्न उत्पन्न गटातील देशांमधले, म्हणजे ज्या गटात भारताचा समावेश होता तेथील, सुमारे ८० टक्के हृदयरोगी व पक्षाघाताचे रुग्ण यांपैकी एकही सिद्ध औषध घेत नसल्याचे आढळले. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक वाईट होते.

दोन तालुक्यांची परिस्थिती

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा जो डोंगराळ पूर्वभाग उरला, त्यात शहापूर व मुरबाड हे तालुके येतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या समाजांची येथे वस्ती आहे.

शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय असून त्यांखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे आहेत. अँजिओप्लास्टी किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्णाला बाहेर जावे लागते. शहापूर तालुक्यातील लोकांना आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसारा येथून लोकलगाडी मिळते. कसाऱ्याहून दादर-परळला जाण्यास दोन-अडीच तास लागतात. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे किंवा धसईकडच्या रुग्णाला आधी मुरबाड, मग एसटीने सुमारे ३० किलोमीटरवरील कल्याण आणि तेथून पुढे, असा प्रवास करावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेकांच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत. परंतु शस्त्रक्रिया एकदाच होते, गोळी रोज लागते. परळच्या डॉक्टरने लिहून दिलेली गोळी त्याच नावाने गावाजवळच्या केंद्रात असेलच, असे नाही. निराळ्या नावाची किंवा निराळ्या रंगाची गोळी हातात पडली की ‘ही आपली नव्हे’ म्हणून ती डब्यातच राहते.

गोळी का चुकते

स्मरणपद्धती आखताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की, रुग्ण विसरला की त्याने ठरवून गोळी घेतली नाही? या दोन्हींची औषधे वेगळी आहेत.

विसरण्याचे प्रसंग ठरलेले असतात. जून-जुलैत भाताच्या लावणीच्या दिवसांत माणसे पहाटेच शेतावर जातात आणि गोळ्यांची पिशवी घरी खुंटीला राहते. लग्नसराई, म्हशाची यात्रा, पाहुण्याकडचा मुक्काम यांत रोजचा क्रम मोडतो. चिठ्ठीवरील ‘१-०-१’ या खुणेचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असा असतो. तो दवाखान्यात समजावला गेला तरी घरी चार प्रकारच्या गोळ्या एकत्र झाल्यावर घोटाळा होतो. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देण्याची जुनी युक्ती यासाठीच आहे.

ठरवून न घेण्यामागची कारणे अधिक गुंतागुंतीची आणि पुष्कळदा समंजसही असतात. लघवी वाढवणारी गोळी घेऊन दोन तास एसटीत बसणे अवघड असते, म्हणून बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या दिवशी ती टाळली जाते. रक्तदाबाच्या एका वर्गातील औषधांनी काही जणांना कोरडा खोकला येतो. रुग्ण तक्रार न करता गोळी सोडतो. एकादशी, श्रावण किंवा नवरात्राच्या उपवासात ‘जेवणानंतर’ घ्यायची गोळी जेवणच नसल्यामुळे राहून जाते. दारू घेतलेल्या दिवशी गोळी घेऊ नये, असे समजून ती वगळली जाते. पैशांच्या ओढीत महिन्याच्या गोळ्या एक दिवसाआड घेऊन दोन महिने पुरवल्या जातात. आणि गोळ्या संपलेल्याच असतील, तर रोज सकाळी आठ वाजता फोनवर येणारी आठवण ही रुग्णाची निव्वळ चेष्टा ठरते.

स्मरणाचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे फोनमधील गजर. साध्या बटनांच्या फोनमध्येही तो असतो, त्याला नेटवर्क लागत नाही आणि खर्च शून्य. डोळखांबकडील किंवा माळशेजच्या पायथ्याच्या ज्या पाड्यांवर रेंज टेकडीवर चढल्यावरच मिळते, तेथे रोजच्या गोळीसाठी याहून भरवशाचे साधन नाही. दवाखान्यातून सुटी होतानाच परिचारिकेने किंवा घरातील शाळकरी मुलाने दोन वेळांचे गजर लावून द्यावेत, इतकेच पुरते. गजराचा दोष असा की, तो कशासाठी वाजला हे सांगत नाही आणि बंद केल्यावर कोणाला कळवत नाही. तो जेवणाच्या वेळेशी जुळवला आणि गोळ्यांची डबी चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवली, तर आठवण सवयीत मुरते. मग गजर नसला तरी चालते.

दुसरा प्रकार लघुसंदेशाचा. संगणकावरून ठरलेल्या वेळी शेकडो रुग्णांना तो पाठवता येतो. भारतात असे सामूहिक संदेश पाठवणाऱ्या संस्थेला दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार आपले नाव व संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. तसे न केल्यास संदेश वाटेतच अडवला जातो. छोट्या दवाखान्याला हा उपद्व्याप वाटतो. म्हणून अनेक ठिकाणी व्हॉट्सॲपचा आधार घेतला जातो, पण त्यासाठी रुग्णाच्या घरी स्मार्टफोन आणि डेटा दोन्ही हवे.

तिसरा प्रकार ध्वनिमुद्रित आवाजाचा. गरोदर स्त्रिया व बाळंतिणींसाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेली ‘किलकारी’ आणि मुंबईतील ‘आरमान’ या संस्थेची ‘एम-मित्र’ या सेवा याच तत्त्वावर चालतात. ठरलेल्या वेळी फोन वाजतो आणि ओळखीच्या भाषेत दीड-दोन मिनिटांचा निरोप ऐकू येतो. वाचता न येणाऱ्यांसाठी हा मार्ग अधिक योग्य आहे. मात्र अनोळखी क्रमांक म्हणजे कर्जवाला किंवा फसवणारा, असे समजून फोन कापण्याची सवय आता खेड्यांतही झाली आहे.

चौथ्या प्रकारात रुग्ण स्वतः कळवतो. क्षयरोगाच्या उपचारात वापरलेल्या ‘नाइंटीनाइन डॉट्स’ या भारतीय पद्धतीत गोळी पाकिटातून बाहेर काढल्यावर तिच्यामागे लपवलेला क्रमांक दिसतो. त्यावर निःशुल्क फोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होते. कल्पना चतुर आहे. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या लघवीची तपासणी करून या नोंदी ताडल्या असता त्या पुरेशा अचूक नसल्याचे दिसले. काहींनी गोळी घेऊनही फोन केला नव्हता, तर काहींनी फोन करूनही गोळी घेतली नव्हती.

पाचवा आणि सर्वांत खर्चिक प्रकार म्हणजे माणसाने माणसाला केलेला फोन. आशा सेविका, आरोग्यसेविका किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ‘काकी, गोळ्या आहेत ना अजून?’ असे विचारते, तेव्हा उत्तरादाखल खोकल्याची, उपवासाची किंवा संपलेल्या पाकिटाची गोष्ट बाहेर येते. आधीच्या चारही प्रकारांना ही सोय नाही.

लिपी आणि बोली

रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० अक्षरचिन्हे मावतात; देवनागरीत मात्र केवळ ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. ‘सकाळची हृदयाची गोळी घेतली का?’ या वाक्याला २९ चिन्हे लागतात. संदेश लांबला की त्याचे तुकडे होतात व खर्च वाढतो. जुन्या स्वस्त फोनवर तर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटत. त्यामुळे कित्येक संदेश रोमन लिपीतील मराठीत पाठवले गेले. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या साठीच्या माणसाला अशी मराठी वाचताच येत नाही, हे पाठवणाऱ्याच्या ध्यानात बहुधा येत नाही. २०१६ च्या भारतीय मानकानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व भारतीय भाषांतील संदेश वाचता येणे अपेक्षित आहे, त्यामुळे ही अडचण हळूहळू ओसरत आहे.

बोलीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ‘औषधोपचारात सातत्य राखावे’ असे वाक्य कार्यालयात शोभते. ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या घरात ते कानावरून जाते. ध्वनिमुद्रित निरोप स्थानिक बोलीत आणि परिसरातल्याच माणसाच्या आवाजात असावा.

अभ्यास काय दाखवतात

या विषयावरील संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे ७१० हृदयरोग्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेक्स्ट मी’ या चाचणीत आठवड्याला चार याप्रमाणे सहा महिने संदेश पाठवण्यात आले. संदेश मिळालेल्यांचे कोलेस्टेरॉल व रक्तदाब इतरांपेक्षा कमी राहिले आणि धूम्रपानही घटले. २०१६ मध्ये १६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन आजारांत लघुसंदेशांमुळे औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ६८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल, असा त्याचा अंदाज होता. मात्र यांतील बहुतेक चाचण्या लहान व अल्पकाळाच्या होत्या आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णाने स्वतः सांगितलेले प्रमाण धरले होते. पुढच्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने हृदयरोग्यांपुरता आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचे तिने म्हटले. ऑस्ट्रेलियातच १,४२४ रुग्णांवर झालेल्या ‘टेक्स्टमेड्स’ या मोठ्या चाचणीत संदेशांमुळे औषधे घेण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

भारतातील एक चाचणी येथे अधिक बोधप्रद आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १४ रुग्णालयांतील ८०६ हृदयरोग्यांवर ती झाली व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या भेटी घेऊन औषधे व राहणीमान यांबद्दल त्यांच्याशी बोलणे ठेवले. एका वर्षानंतर या गटातील ९७ टक्के रुग्ण औषधे नियमित घेत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ९२ टक्के होते. येथे फोनचा गजर नव्हता, दारात येणारे माणूस होते.

महाराष्ट्रातील शासकीय अनुभव रक्तदाबाच्या क्षेत्रातला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे प्रथम घेतले गेले. ठाणे जिल्हा त्या पहिल्या यादीत नव्हता. या उपक्रमात परिचारिका रुग्णाची नोंद ठेवते, एका वेळी साधारण ३० दिवसांच्या गोळ्या देते आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याची यादी काढून त्याला फोन करते. रोज प्रत्येकाला आठवण देण्याऐवजी चुकलेल्यालाच शोधण्याची ही रीत कमी मनुष्यबळात चालते. मात्र फोन करण्यापूर्वी केंद्रात त्या गोळ्यांचा साठा असणे, ही तिची पहिली अट आहे.

तारखेची आठवण

फोन सर्वाधिक उपयोगी पडतो तो रोजच्या गोळीपेक्षा लांबच्या तारखेसाठी. रोजची गोळी सवयीने घेतली जाते. २१ दिवसांनी येणाऱ्या गोष्टीची सवय लागत नाही.

संधिज्वर, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, हा घशाच्या जंतुसंसर्गानंतर बहुधा शाळकरी वयात होणारा आजार असून त्याने हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. दाटीची घरे आणि दुर्लक्षित घसादुखी असलेल्या गरीब वस्त्यांत तो अजून टिकून आहे. झडप आणखी बिघडू नये म्हणून दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन घ्यावे लागते. हा क्रम किमान दहा वर्षे आणि झडप जास्त खराब असल्यास पुष्कळदा चाळिशीपर्यंत चालतो. इंजेक्शन दुखते, मुलगी वरून धडधाकट दिसते, परीक्षा किंवा लावणी आलेली असते, आणि एक तारीख हुकली की पुढची कधी हे कोणालाच ठाऊक नसते. येथे दोन दिवस आधी आलेला एक संदेश किंवा फोन खरे काम करतो. २१ दिवसांचे चक्र पाळणाऱ्यांना आणखी एक सोय आहे : २१ दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे, तेव्हा तारीख बदलली तरी वार तोच राहतो. पहिले इंजेक्शन आठवडी बाजाराच्या दिवशी दिले, तर पुढचे प्रत्येक बाजाराच्याच दिवशी येते आणि एका फेरीत दोन्ही कामे होतात.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते व रक्त किती पातळ झाले हे ठरावीक अंतराने तपासावे लागते. गोळी कमी पडल्यास झडपेवर गुठळी, जास्त झाल्यास रक्तस्राव, असा दुहेरी धोका असल्याने या तपासणीच्या तारखेची आठवणही मोलाची आहे. गोळ्या संपण्याच्या पाच-सहा दिवस आधी दिलेली सूचना याच जातीची.

फोन कोणाच्या हातात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला फोन होता, आणि अशा स्त्रियांपैकी ७१ टक्क्यांना संदेश वाचता येत होता. हृदयरोगी स्त्रिया पुष्कळदा याहून वयस्क असतात. म्हणजे आईच्या नावे नोंदवलेला क्रमांक प्रत्यक्षात भिवंडीत किंवा वासिंदला कामाला जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो, आणि सकाळच्या गोळीची आठवण त्याला लोकलगाडीत येते. यावर काही ठिकाणी संदेश मुद्दाम संध्याकाळी, मुलगा घरी असताना, पाठवला जातो.

फोन सामायिक असला की गुप्ततेचा प्रश्न येतो. लग्नाच्या वयातील मुलीला झडपेचा आजार आहे, हे एका संदेशाने शेजारी किंवा होणाऱ्या सासरी कळू शकते. म्हणून संदेशात आजाराचे किंवा औषधाचे नाव घालू नये. ‘गुरुवारी केंद्रात या’ एवढेच पुरते. क्रमांक कोणाचा, आणि त्यावर काय पाठवलेले चालेल, हे रुग्णाला आधी विचारून नोंदवहीत लिहून ठेवणे आवश्यक ठरते. मात्रेसंबंधीचा सल्लाही स्वयंचलित संदेशातून दिला जात नाही. विशेषतः ‘काल राहिलेली गोळी आज जोडीने घ्यावी का’ या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘नाही’ असे असले, तरी ते रुग्णाची चिठ्ठी पाहून डॉक्टर किंवा औषधनिर्मात्यानेच द्यायचे असते.

स्थलांतराचे महिने

दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक कातकरी व ठाकूर कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या काळात रुग्णाचे आरोग्य केंद्र बदलते, आशा सेविका बदलते आणि अनेकदा सिमकार्डही बदलते. रिचार्जची मुदत संपून काही दिवस गेले की येणारे फोनही बंद होतात. संगणकात मात्र संदेश ‘पाठवला’ अशी नोंद राहते. त्यामुळे अशा कुटुंबांसाठी दिवाळीपूर्वीची भेट महत्त्वाची असते. तीत दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे, चिठ्ठीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत देणे, भट्टीजवळच्या केंद्राचे नाव लिहून देणे, आणि गावात मागे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा दुसरा क्रमांक नोंदवून घेणे, ही कामे उरकावी लागतात. फोन लागेनासा झाला, तर चौकशी त्या दुसऱ्या क्रमांकावर केली जाते.